कच्चं हाड आणि इफ्तारचं गाठोडं

पंचेचाळिशीत माणसं गुडघ्यांची चौकशी करू लागतात. मी दातांना तार लावून घेतली. पुढच्या दोन दातांत फट होती आणि मला शाळेपासून तिची लाज वाटायची, अगदी मनापासून.

शारजातल्या डेंटिस्ट बाईंनी आधी मला हाडांचा कारभार समजावला. मला वाटायचं, तार ढकलते, दात सरकतो, विषय संपला. पण तसं नसतं. दात ज्या बाजूला रेटला जातो तिथलं हाड खायला एका प्रकारच्या पेशी येतात आणि मागच्या बाजूला दुसऱ्या पेशी नवं हाड बांधतात. गंमत म्हणजे खाणाऱ्यांना बोलावणं धाडतात त्या बांधणाऱ्याच! आणि जुनं हाड खाल्लं गेलं की त्यात अडकून पडलेले ग्रोथ फॅक्टर सुटतात आणि बांधणाऱ्यांना कामाला लावतात. हे ग्रोथ फॅक्टर स्वतः कणभर हाड बांधत नाहीत, नुसते निरोप देतात. असे लोक इथल्या हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या ऑफिसातही आहेत, पण त्यांच्या निरोपांनी काही बांधून झालेलं मी पाहिलेलं नाही.

दीड वर्षानं तार निघाली. फट मिटली होती.

"नवं हाड अजून कच्चं आहे," बाईंनी बजावलं. "हा रिटेनर दिवसरात्र घालायचा. फक्त जेवताना काढायचा. नाहीतर दात परत फिरतील."

रिटेनर म्हणजे दातांवर बसणारं पारदर्शक प्लास्टिकचं कवच. मी ते जिवापाड जपत होतो.

मग रमजानात ऑफिसातल्या मित्राने घरी इफ्तारला बोलावलं. तो मूळचा रत्नागिरीचा, आई त्याच्याकडेच असते. मी त्यांना खाला म्हणतो. जमिनीवर प्लास्टिकचा पातळ सुफ्रा, म्हणजे जेवायला बसायची चादर, अंथरलेला, त्यावर खजूर, समोसे, बिर्याणी. मी रिटेनर हळूच टिशूत गुंडाळून ताटाशेजारी ठेवला आणि बिर्याणीवर तुटून पडलो.

जेवणं झाली. मित्राने सुफ्र्याची चार टोकं उचलली आणि कागदी ताटं, हाडं, बिया असं सगळं एका गाठोड्यात बांधून मजल्यावरच्या कचऱ्याच्या शूटमध्ये, म्हणजे थेट तळमजल्यापर्यंत जाणाऱ्या नळीत, सोडून दिलं. तो हात झटकत परत आला तेव्हा माझी जीभ दातांवरून फिरली आणि मी किंचाळलो.

"यल्ला, खाली चल!" मित्र म्हणाला.

तळमजल्यावर कचऱ्याच्या खोलीत अख्ख्या बिल्डिंगचे सुफ्रे येऊन पडले होते. सगळी गाठोडी सारखीच. आम्ही दुसऱ्यांच्या बिर्याण्या उपसल्या. इतके टिशू मी जन्मात उलगडले नव्हते.

"हबीबी, नवीन कर ना," मित्र नाक दाबून म्हणाला.

"तोपर्यंत दात परत फिरतील, हाड कच्चं आहे रे!" मी रडकुंडीला आलो होतो. माझ्या जबड्यात एव्हाना निरोपांची धावपळ सुरू झाली असणार आणि खाणाऱ्या पेशी उपास सोडायला बसल्या असणार, असं मला खरोखर वाटत होतं.

हात हलवत आम्ही वर आलो. दारात खाला बशी घेऊन उभ्या.

"कुठे पळालात रे? बेटा, टिशूत तुझे दात राहिले होते. मी आधीच उचलून ठेवले. चांगले खळखळून उकळलेत, आता बिनधास्त घाल."

बशीत माझा रिटेनर होता. तळलेल्या पापडासारखा वेडावाकडा झालेला. खाला इतक्या कौतुकाने बघत होत्या की नाही म्हणायची माझी छाती होईना. घातला. तो दोन दातांवर कसाबसा टेकला, उरलेला ओठांबाहेर आला.

"बसला?"

"एकडम," मी बोबडं बोललो.

खालांनी माझी हनुवटी धरून निरखून पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"तुझी फट कुठे गेली रे? फटवाला माणूस नशीबवान असतो. मी माझ्या पोराला सांगायचे, याची संगत सोडू नकोस."

एव्हाना चहाचा कप घेऊन शेजारी येऊन उभा राहिलेला मित्र मान हलवत होता; म्हणजे हे खरं होतं. मला असं हसू फुटलं की रिटेनर उडून त्याच्या चहात पडला, आणि तो काढायची मी अजिबात घाई केली नाही.