टाचण्या धरणारे ओठ

शिंपीणबाई गिऱ्हाइकाच्या अंगावर कपडा बेतायला बसल्या की त्यांच्या ओठांत टाचण्या असायच्याच. मनगटावर टाचण्यांची गादी बांधणं त्यांच्या मते नवशिक्यांचं काम. गिऱ्हाइकांच्या हे पथ्यावर पडे. एरवी बाईंपुढे तोंड उघडायची कुणाची टाप नव्हती. टाचण्या तोंडात असेपर्यंतच काय ती कुरकुर उरकून घ्यायची.

मग एका सकाळी दुकानाच्या शटरची स्प्रिंग तुटली आणि ते लोखंडी धूड थेट बाईंच्या तोंडावर आलं. खालच्या जबड्याचा चुरा झाला, अर्धा ओठ गेला. सर्जनबाईंनी पायातलं बारीक हाड काढून जबडा घडवला, हाताच्या कातडीचा ओठ केला. एकामागून एक ऑपरेशनं झाली. नळीतून पोट भरणाऱ्या बाई हळूहळू घास चावू लागल्या, पुढे भांडण्याइतकं बोलूही लागल्या. नवा ओठ मात्र बधिरच राहिला.

"संवेदना येईल. कदाचित नाहीही," सर्जनबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

दुकान पुन्हा उघडलं त्याच दिवशी बाईंनी हट्टानं टाचण्या ओठांत धरल्या. त्यातली एक कधी निसटली, त्यांना पत्ताच नाही. ती सापडली चहाच्या कपात. दुकानात मदतीला असलेल्या नणंदेचा जीव उडाला.

"वहिनी, उद्या गिळून बसशील!" असं म्हणत तिनं स्वतःच्या हातानं बाईंच्या मनगटावर गादी बांधली.

झालं! दर टाचणीला नजर वळवायची, तेवढ्यात कापड सरकायचं, कड वाकडी जायची. "चेहरा मिळाला, पण हात गेला," असं म्हणून बाई रडायच्या.

एका दुपारी त्या गिऱ्हाइकाच्या झग्याची कड बेतत होत्या. जुन्या सवयीनं हात आपसूक तोंडाकडे गेला, तोही उलटी टाचणी घेऊन.

"आई गं!"

आरशात पाहिलं, तर नव्या ओठावर रक्ताचा थेंब. बाईंनी तीच टाचणी मुद्दाम पुन्हा टोचली. पुन्हा दुखलं! नणंद धावत आली, तर बाई फरशीवर बसून हसताहेत आणि डोळ्यांना धारा लागल्यात. त्यांनी तसाच फोन लावला.

"डॉक्टर, ओठ दुखतोय!"

"शाब्बास!" सर्जनबाई एवढ्यानं ओरडल्या की गिऱ्हाइकालाही ऐकू गेलं.

नणंदेनं बाईंच्या मनगटावरची गादी सोडली. बाईंनी चिमूटभर टाचण्या ओठांत धरल्या आणि त्या पुन्हा कडेशी वाकल्या. गिऱ्हाइकानं संधी साधली.

"लांबी जरा कमीच झालीय हं. बाह्याही घट्ट वाटताहेत."

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. एकही टाचणी पडली नाही.