वहिनीच्या माहेरचा डबा
लेक नखं रंगवायला बसली आणि त्या वासासरशी मी थेट पिंप्राळ्यातल्या आमच्या गच्चीवर पोहोचलो. कॉलेजातला मी, स्वतःच्या मते थोर शास्त्रज्ञ, रेडिओचं सर्किट घरीच बनवत होतो. तांबं चढवलेल्या पाटीवर नव्या वहिनीच्या नेलपॉलिशने रेघा काढायच्या आणि पाटी फेरिक क्लोराइडमध्ये बुडवायची. रेघांखालचं तांबं राहतं, बाकीचं ते द्रावण खाऊन टाकतं. स्टीलला काय होणार, अशा थाटात मी ते वहिनीच्या माहेरच्या डब्यात ओतून उन्हात ठेवलं. पाटी झकास उतरली. डबा घासून मी गुपचूप जागेवर ठेवला. दुसऱ्या दिवशी वहिनीने त्यात ताक ओतलं, तर बुडातून धारा लागल्या. आईने डबा उजेडाकडे धरला. बुडाला बारीक भोकं, कडेला वहिनीच्या वडिलांचं कोरलेलं नाव. "तुना बापनी डबा दिन्हा का चाळनी?" आई म्हणाली. सगळे हसले, मीही हसलो. वहिनीने माझ्या द्रावणाने पिवळ्या पडलेल्या बोटांकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "भावजी, हात धुऊन घ्या, ताट वाढते." मी धुतले, खूप वेळ धुतले, पण भोकं माझ्यामुळे पडली हे काही कबूल केलं नाही. आई जाईपर्यंत वहिनीच्या माहेरची भांडी आमच्या घरात हलकीच राहिली. आत्ता लेक विचारतेय, "बाबा, काय झालं?" मी म्हटलं, "वास फार उग्र आहे गं."