बाटलीवरची वेळ

मी सुप्याच्या एका कारखान्यात माल तपासतो. समोर आलेली वस्तू खोटीच असणार असं धरून चालायचं, याचाच मला पगार मिळतो. ही सवय घरीही सुटत नाही. बायको म्हणते, तुम्ही देवाच्या प्रसादाचीसुद्धा मुदत बघाल.

लेक नऊ महिन्यांची झाली तेव्हा बायको पाथर्डीकडे माहेरी होती. गोवराचा डोस तिथल्याच अंगणवाडीत द्यायचं ठरलं. मी मुद्दाम रजा काढून गेलो, कारण फुकटच्या लशीवर माझा काडीचा विश्वास नव्हता.

सुई नवी आहे का, लशीच्या डब्यात बर्फ कधी भरला, सगळं मी नर्सताईंना विचारलं. त्यांनी न चिडता दाखवलं. आमच्या पुढे शेजारच्या वस्तीवरची एक बाई कडेवर पोर घेऊन उभी होती. ती कुठल्याशा साखर कारखान्याकडे ऊसतोडीला निघाली होती. टेम्पो फाट्यावर भरत होता आणि पुढचे पाच-सहा महिने पोर फडातच राहणार होतं.

ताईंनी त्या पोरासाठी सिरिंज उचलली आणि माझी नजर बाटलीवर गेली. ही लस उघडली की चार तासांत संपवायची असते, म्हणून बाटलीवर वेळ लिहितात, हे मी मोबाईलवर वाचून गेलो होतो. इथे नुसता निळा डाग होता.

ताई म्हणाल्या, दहाला उघडली, बर्फाच्या पाण्याने शाई गेली असेल. असेल म्हणजे काय, मी म्हणालो, असा माल आम्ही बाद करतो. त्यांनी बाटली बाजूला ठेवली. गोवराची तेवढी एकच होती. दुसरी आणायला आशाताई स्कूटीवर आरोग्य केंद्राकडे गेल्या. खरं सांगतो, मला तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं.

"ताई, हेच टोचा की. मला चालंल," ती बाई म्हणाली.

ताईंनी मान हलवली. फाट्यावर हॉर्न वाजला, पुन्हा वाजला. बाई पोराला छातीशी धरून पळत गेली. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

तासाभराने नवी बाटली आली. ताईंनी माझ्यासमोर उघडली, तिच्यावर ठळक वेळ लिहिली, माझ्या डोळ्यांपुढे धरली. लेकीला टोचून झालं. मग त्या रजिस्टरमध्ये त्या पोराच्या नावापाशी थांबल्या.

"तिकडच्या नर्सला फोन करते. कुठल्या कारखान्याला गेली ती?"

सकाळपासून मी सगळं विचारलं होतं. हे विचारलं नव्हतं.