फेसाखालचं इंग्रजी

"मास्तर, हलू नका, गळ्यावर आलोय. काल तुम्ही सांगितलंत, रोज करतो तो साधा वर्तमानकाळ. मग आत्ता करतोय ते काय? काम तेच, हात तोच, गळाही तुमचाच. नाव मात्र वेगळं?"

मास्तरांच्या तोंडावर नाकापर्यंत साबणाचा फेस होता. त्यांनी नुसतं डाव्या हाताचं बोट वर केलं.

बोट वर म्हणजे चूक, बोट खाली म्हणजे बरोबर, असं दोघांचं ठरलेलं होतं. दुसरा मार्गच नव्हता. मास्तर जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवून घरी बसलेले, आणि फुकट दाढीच्या बदल्यात शिकवणी द्यायला तयार झालेले. पण शिकवणीची वेळ तीच दाढीची वेळ. वस्तरा गळ्यावर असताना तोंड उघडण्याइतकं व्याकरण कुणालाच प्रिय नसतं.

दाढी झाली की आपल्या या सलूनवाल्याचं एक वाक्य ठरलेलं, "बघा, गुळगुळीत." म्हणून सगळी गल्ली त्याला गुळगुळीतच म्हणायची. दुकान म्हणजे एक खुर्ची, एक आरसा आणि वाट बघायला एक बाक. समोर काचेच्या दाराचं गार हवेचं पार्लर निघालं आणि तरुण डोकी रस्ता ओलांडून गेली. याच्याकडे उरले ते बहुतेक असे, की ज्यांच्या डोक्यावर कापण्यासारखं काही उरलेलं नाही. तेवढ्यात कळलं की मोठ्या हॉटेलात केस कापायला माणूस हवाय. महिन्याचा पगार, बसायला स्टूल, दोन वेळचं जेवण. फक्त परदेशी पाहुण्यांशी इंग्रजी बोलता आलं पाहिजे. गुळगुळीतच्या गुडघ्यांनी स्टुलाचं नाव ऐकलं आणि त्याने मास्तरांना गाठलं.

फेस लावायच्या आधी जे दोन शब्द सांगून होत, त्यात मास्तर खरंच सोपं करून सांगायचे. रोज कापतोस तो साधा वर्तमानकाळ. आत्ता हातात आहे तो चालू. कापून फरशीवर पडलेत ते पूर्ण. आणि सकाळपासून कापतोयस, अजून संपलं नाही, तो चालू पूर्ण. गुळगुळीतला हे पटलं. मग वस्तरा चालवत तो म्हणायचा, "आय कट हेअर." बोट वर. "आय अ‍ॅम कटिंग हेअर." पुन्हा वर. "आय हॅव कट हेअर." असं करत तो चौथ्या काळापर्यंत पोचायचा तेव्हा कुठे बोट खाली यायचं. बोट दिसलं की पुढचा काळ, हे त्याच्या जिभेला इतकं भिनलं की मधे विचार करायची गरजच उरली नाही.

घरीही सराव चालायचा. ताटावर बसला की, "आय अ‍ॅम ईटिंग." बायको म्हणाली, "जेवताय ते दिसतंय मला. भाजी कशी झालीय ते सांगा, कुठल्याही भाषेत."

मुलाखतीला तो इस्त्रीचा शर्ट घालून गेला. मॅनेजरने समोर बसवून इंग्रजीत विचारलं, काय करता तुम्ही?

"आय कट हेअर."

उत्तर चोख होतं. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला आणि मॅनेजरने एक मिनिट थांबा म्हणून बोट वर केलं.

गुळगुळीतला बोट वर दिसलं. "आय अ‍ॅम कटिंग हेअर," तो घाईने म्हणाला.

मॅनेजरने त्याच्या रिकाम्या हातांकडे बघितलं, फोन कानाला लावला आणि दारात आलेल्या माणसाला, एकच चहा, असं एक बोट वर करूनच सांगितलं.

"आय हॅव कट हेअर."

मॅनेजरचा हात नकळत स्वतःच्या डोक्यावर गेला. केस जागेवर आहेत म्हटल्यावर त्याने पुन्हा बोट वर केलं, या खेपेला खरंच गप्प बसा म्हणून.

"आय हॅव बीन कटिंग हेअर सिन्स मॉर्निंग!"

मॅनेजरने फोन खाली ठेवला आणि सरळ मराठीत आला. "काका, इंग्रजी चांगलं आहे तुमचं. पण तुम्ही थांबतच नाही. आमच्या पाहुण्यांना खुर्चीत डोळे मिटून शांत पडायचं असतं हो."

नोकरी समोरच्या पार्लरमधल्या पोरसवद्या कारागिराला मिळाली. त्याला येस सर एवढंच येत होतं, आणि तेही त्याने एकदाच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मास्तर नेहमीसारखे येऊन बसले. गुळगुळीतने सगळं सांगितलं. मॅनेजरच्या बोटापाशी आल्यावर मास्तर खुर्चीत चुळबुळ करायला लागले.

"मास्तर, एक विचारू? माझं पहिलं वाक्य रोजच चुकायचं?"

"रोज नाही," मास्तर आरशात न बघता म्हणाले. "अरे, तुझा वस्तरा लागायचा. निम्म्या वेळा मी त्यासाठी बोट वर करायचो. तू लगेच पुढचा काळ सुरू करायचास. आणि बोलताना तुझा हात हलका पडायचा, म्हणून मी अडवलं नाही."

गुळगुळीतने हातातल्या वस्त्र्याकडे बघितलं. फुकटची दाढी म्हणून मास्तरांसाठी तो ब्लेडचं एकच पान वेगळं ठेवायचा आणि आठवडाभर चालवायचा. फुकटच्या मालाला किती धार द्यायची, याचा दोघांचाही हिशोब एकच होता.

त्याने जुनं पान डब्यात टाकलं, नवं काढून वस्त्र्यात बसवलं आणि फेस लावला. एक गाल झाला. सवयीने तोंडून निघालं, "ही कट हेअर." चूक होती, त्याची त्यालाच कळली. कटला शेवटचा एस लावायचा राहिला होता. तो बोटाची वाट बघत थांबला.

बोट हललं नाही. मास्तर डोळे मिटून, तोंड किंचित उघडं टाकून घोरत होते.

बाकावर बसलेल्या टकल्या गिऱ्हाइकाने विचारलं, अजून किती वेळ? गुळगुळीतने ओठांवर बोट ठेवून त्याला गप्प केलं, मास्तरांची मान हलक्या हाताने वळवली आणि दुसरा गाल धरला.