दादाच्या आवाजाची कॅसेट अडकली

मी इथे फारसं लिहीत नाही. आज मदत हवी आहे.

परवा दादाची तेरवी झाली. आज त्याच्या कपाटात एक जुनी कॅसेट सापडली. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा टीव्हीवर दर आठवड्याला पॉप गाण्यांची क्रमवारी लागायची. दादा टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून ती गाणी कॅसेटमध्ये भरायचा. गाणं चालू असताना कोणी खोकललं तरी डोळे वटारायचा, आणि गाणं संपलं की स्वतःचं मत त्यात बोलायचा.

मी कॅसेट लगेच लावली. गाणं संपलं आणि दादा बोलला, "हे गाणं एक नंबरवर काहून आहे? नुसता धिंगाणा!"

कॅसेटमध्येच मागून माझा लहानपणीचा आवाज, "मले तर आवडते."

"तुले काय समजते वं? चूप राय!"

मी हसले. तेवढ्यात त्याचा आवाज जाड झाला आणि कॅसेटची पट्टी टेपरेकॉर्डरच्या आत गुंडाळली गेली.

लाखनीच्या मेकॅनिकनं टेपरेकॉर्डर खोलून कॅसेट बाहेर काढली. म्हणाला, "ताई, आता हे काम करणारे राहिले नाहीत. पुन्हा लावाल तर तुटन."

त्या काळची गाणी मोबाइलवर सगळी मिळतात. पण आमच्या घरात मोबाइल येण्याआधीच आजारानं दादाची वाचा गेली होती. त्याचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही.

भंडारा, नागपूर, कुठेही अशी पट्टी सोडवून देणारं कोणी माहीत आहे का? मी उद्याच निघेन. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला तो काय बोलला आहे, ते मी अजून ऐकलेलं नाही.