शेळीनं खाल्लेली एबीसीडी

सोमवारी सकाळी पाचवीच्या वर्गाचं दार ढकललं आणि पाहते तर काय... शेळीनं माझी आख्खी एबीसीडी खाऊन टाकली होती. एफचा एक तुकडा तेवढा तिच्या तोंडात शिल्लक होता, तोही तिनं माझ्याकडे बघत बघत संपवला.

गोष्ट सत्तरच्या दशकातली, जत तालुक्यातल्या एका गावातली. मी सांगलीची, नुकतीच डी.एड. झालेली, आणि आपल्याला उत्तम शिकवता येतं याबद्दल मला काडीचीही शंका नव्हती. (आजही नाही.)

तेव्हा इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं. मुलं 'सी ए टी कॅट' असं तालासुरात म्हणायची, पण मांजराचं चित्र हातानं झाकलं की गाडी अडायची. मग मी अक्षरांची नावं बाजूला ठेवली आणि आधी आवाज शिकवायला घेतले... क्, अ‍ॅ, ट्. अक्षर हाताला कळलं की तोंडाला आवाज सुचतो, असं माझं ठाम मत होतं.

शाळेकडे साधा पुठ्ठासुद्धा नव्हता. पण ज्वारीच्या धाटांच्या बैलगाड्या करण्यात ही पोरं पटाईत. त्याच धाटांची सालं वाकवून, आतला भेंड कापून, बाभळीच्या काट्यांनी जोडून आम्ही अक्षरं केली. मुलं त्यांवरून बोट फिरवत आवाज काढायची आणि वर्ग दणाणून सोडायची.

हेडगुरुजींना हे मुळीच पटत नव्हतं. "बाई, हे कार्यानुभवाच्या तासाला करा. इंग्रजी पाठांतरानंच येतं." बुधवारी तपासणीला साहेब येणार होते. त्यांचं समाधान झालं नाही तर इंग्रजी माझ्याकडून काढून घेणार, असं गुरुजींनी स्पष्ट सांगितलं होतं... आणि मीही तोऱ्यात सांगून बसले होते, की साहेबांनी हवा तो शब्द लिहावा, माझी मुलं वाचतील.

आणि आता ही शेळी! अर्ध्या मुलांना अजून बोट फिरवल्याशिवाय आवाज आठवत नव्हता. उन्हाळ्याच्या तोंडावर, जतसारख्या दुष्काळी भागात, वैरणीची अक्षरं करायची आणि दार नुसतं लोटून घरी जायचं... ही चूक सांगलीची बाईच करू जाणे. खरं सांगते, मी तिथंच खाली बसले आणि मला रडू आलं.

शेळी आमच्या वर्गातल्या मंगलची. दुपारी तिचे वडील बिराप्पा आले. मेंढरं राखणारं आणि घोंगडी विणणारं घर.

"आवं बाई, मुकं जनावर त्ये, त्याला काय कळतंय. दोन पेंड्या वैरण आणून टाकतो, भरपाई म्हणून."

"वैरण नको. मला अक्षरं हवीत," मी रागातच म्हणाले.

त्यांनी मंगलकडे पाहिलं. "कशी आसत्यात? दावा की."

मंगलनं मातीत बोटानं काढून दाखवली. बिराप्पांनी खाली बसून एकेक नीट न्याहाळलं आणि निघून गेले. मंगळवारी सकाळी निरोप आला, पोरांना घेऊन या...

अंगणात लोकरीचं जाड सूत पिळून ठेवलेलं होतं. शेजारी चिंचोक्याच्या खळीचं पातेलं. जी खळ लावून घोंगडी ताठ करतात तीच ही. सूत खळीत बुडवायचं, दगडावर अक्षराच्या आकारात बसवायचं, की उन्हात वाळून असं कडक व्हायचं, की दोन्ही हातांनी वाकवलं तरी वाकेना. शिवाय खरबरीत... बोटाला माझ्या धाटांपेक्षा कितीतरी चांगलं.

दिवसभर आख्खा वर्ग तिथंच होता. प्रत्येक अक्षर वळताना बिराप्पा विचारायचे, "ह्ये काय बोलतंय?" पोरं आवाज काढून दाखवायची, की तेही तस्साच काढायचे. मला तेव्हा त्याची गंमत वाटत होती, इतकंच.

बुधवारी साहेब आले. मुलांनी लोकरीच्या अक्षरांवरून बोटं फिरवत साहेबांनी फळ्यावर लिहिलेले चार-पाच शब्द वाचले. मी मान ताठ करून उभी... तेवढ्यात गुरुजी हळूच म्हणाले, "साहेब, हे सगळे पुस्तकातले शब्द. पोरांना पाठच असतात."

साहेबांनी खडू खाली ठेवला. हे खोटं आहे हे मला सिद्ध करता येईना.

बिराप्पा उशिरा वाळलेली दोन अक्षरं घेऊन तेव्हाच दारात येऊन उभे राहिले होते. साहेबांना ही अक्षरं कुणी केली ते समजलं होतं, म्हणून त्यांनी थट्टेनं विचारलं, "काय पाव्हणं, तुम्हाला येतंय का वाचायला?"

"न्हाई साहेब. म्या अंगठेबहाद्दर."

पण त्यांची नजर फळ्यावरच होती. तिथं साहेबांनी लिहिलेला शेवटचा शब्द मुलांनी अजून वाचायचा होता... hen. बिराप्पांची बोटं हवेत हलायला लागली, सूत वळत असल्यासारखी. एक अक्षर वळून झालं. दुसरं. तिसरं.

"ह्... ए... न्," ते म्हणाले. मग जरा दबकतच, "हेन. आसं काय आसतंय का?"

"कोंबडी, आप्पा," मंगल म्हणाली.

साहेबांनी गुरुजींकडे पाहिलं, मग शेरेबुक मागवून घेतलं आणि लिहिलं, इंग्रजी विषय बाईंकडेच ठेवावा. पुढची सगळी वर्षं तो माझ्याकडेच राहिला.

हाताला कळतं ते तोंडाला सुचतं, हे मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगत फिरत होते. पण ते इतकं खरं आहे, हे मला त्या दिवशी बिराप्पांनी शिकवलं... जन्मात पाटी न धरलेल्या माणसानं.

जाताना त्यांनी माझ्या हातात ती दोन अक्षरं दिली आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "बाई, शेळीनं खाल्लं त्याची भरपाई झाली न्हवं?" मी मान हलवली.

झाली, बिराप्पा. लय झाली.