घाटातला ट्रक

मार्करचं टोपण उघडलं की त्या वासासरशी नाशिक रोडच्या क्लासमधली एक दुपार आठवते. एम.एस्सी. फिजिक्स होऊन वर्षभर घरी बसलो होतो, म्हणून डेमो लेक्चर द्यायला गेलो. शिक्षकाची जागा एकच होती. बाकावर शेजारी आमचे कॉलेजचे सर बसलेले; कॉलेजातलं तासिकांवरचं काम सुटल्यानं तेही डेमो द्यायला आले होते. फिजिक्सला खूप वाटा आहेत, असं तेच आम्हाला सांगायचे. "आधी तू जा," ते म्हणाले. आत मी घाटात वळणाऱ्या कांद्याच्या ट्रकचं त्यांचंच उदाहरण फळ्यावर मांडलं. मग ते आत गेले. दारातून क्लासचालकांचा आवाज आला, "सर, ट्रकचं आत्ताच झालं, दुसरं काही सांगा." जागा मला मिळाली. ट्रक मी आजही तसाच शिकवतो. पुढे वाटा कोणत्या, असं मुलांनी विचारलं की फळा पुसायला वळतो.